घाई नसलेले बेट

आवडत्या गोष्टींची यादी उतारवयात सहसा वाढत नाही. माझ्या यादीत काही गाणी आहेत, दोन-चार नाटके आहेत, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे आणि वीज मंडळाच्या नोकरीत पाहिलेले कोयनेचे जलविद्युत केंद्र आहे. या यादीत वयाच्या ७५व्या वर्षी एका संगणकीय खेळाची भर पडली. 'मिस्ट' हे त्याचे नाव. तो अमेरिकेत १९९३ साली प्रसिद्ध झाला; म्हणजे खेळांच्या दुनियेत तोही आमच्यासारखाच ज्येष्ठ नागरिक. या पाक्षिकाचे वाचक बहुतांशी माझ्या वयाचे, नाहीतर माझ्या वयाच्या माणसांची देखभाल करणारे. त्यांच्यापुढे व्हिडिओ गेमची थोरवी गाणे हे थोडे धाष्टर्याचेच आहे, हे जाणून लिहितो आहे.

हा खेळ घरात आला तेव्हा पत्नीच्या पक्षाघाताला अकरा महिने झाले होते. मेंदूच्या डाव्या भागातल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि उजवा हात, उजवा पाय व वाचा या तिन्हींवर एकदम घाला पडला. पाय पुष्कळ सुधारला. चार पायांची काठी घेऊन ती स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली. हातात थोडी हालचाल आली. वाचा मात्र अडून बसली. या विकाराला डॉक्टर 'ॲफेझिया' म्हणतात. मराठीत वाचाघात हा शब्द रूढ आहे. ज्यांच्या घरी तो आलेला नाही त्यांना त्याचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण भेटायला येणारी पुष्कळ मंडळी वाचाघात म्हणजे बुद्धीचा ऱ्हास असे धरून चालतात आणि रुग्णाशी मोठ्या आवाजात, लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागतात. वस्तुतः तिला सारे समजत होते. बातम्या समजत होत्या, भाजीवाल्याने लावलेला जादा भाव समजत होता, माझ्या चेहऱ्यावरची काळजी तर फारच लवकर समजत होती. मनात विचार स्पष्ट असे. त्याला जोडून येणारा शब्द तेवढा येत नसे. 'पाणी' म्हणायचे असेल तर 'पान' यावे, कधी नुसताच 'प' यावा, कधी काहीच येऊ नये आणि डोळे भरून यावेत.

पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६१ साली अशाच एका रुग्णाची हकीकत शास्त्रज्ञांपुढे मांडली. त्या रुग्णाला 'तां' या एका उच्चाराखेरीज काही बोलता येत नसे, पण समजत मात्र पुष्कळ होते. त्याच्या मृत्यूनंतर मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा आढळली, आणि वाणीचा संबंध त्या भागाशी आहे हे ध्यानात आले. आमच्या घरातला 'तां' म्हणजे 'बरं'. होकाराला बरं, नकारालाही बरं, रागावली तरी बरं. स्वरातल्या फरकावरून आम्ही अर्थ लावत असू.

दुसरी एक गोष्ट आम्हांला पहिल्या महिन्यातच चकित करून गेली होती. जिला दोन शब्दांचे वाक्य जमत नव्हते, ती गाणे मात्र म्हणू शके. लग्नाआधीपासून ती हार्मोनियम वाजवत असे आणि पुढे तीस वर्षे आळीतल्या मुलींना गाणे शिकवत असे. सकाळी रेडिओवर ओळखीचे भजन लागले की ती शब्दांसकट दोन-दोन ओळी सहज म्हणून जाई, आणि गाणे थांबले की पुन्हा 'बरं'. वाचा-उपचारतज्ज्ञांनी सांगितले की यात नवल नाही. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार मुख्यतः डाव्या बाजूला चालतो, सुरांच्या जाणिवेत उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत १९७०च्या दशकात काही तज्ज्ञांनी याच गोष्टीचा आधार घेऊन, बोलण्याला चाल लावून शब्द परत आणण्याची उपचारपद्धती बसवली. सगळ्यांना ती लागू पडत नाही. आमच्याकडे थोडी लागू पडली.

त्याच बाईंनी मला एक नियम घालून दिला होता. "त्यांचं वाक्य त्यांनाच पूर्ण करू द्या. मनात दहापर्यंत मोजा, मग बोला." ऐकायला हे फार सोपे आहे. ज्यांनी आपल्या माणसाला एका शब्दासाठी झगडताना पाहिले आहे, त्यांना दहा आकडे किती लांब असतात ते ठाऊक आहे. त्यातून आजारी माणसाचे घर घड्याळावर चालते. सातला रक्तदाबाची गोळी, आठला अंघोळ, दहाला फिजिओथेरपिस्ट, अकराला ब्यूरोच्या बाईंची अदलाबदल. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी दारात उभे असते आणि दहापर्यंत मोजायला कोणालाच सवड नसते. दिवसभरात तिला विचारले जाणारे सारे प्रश्न 'हो' किंवा 'नाही' यांत उत्तर देता येतील असे होत गेले होते. तिचे मत हवे असा प्रश्नच घरात उरला नव्हता. आजारपणात माणसाचे काय जाते याचा हिशेब मांडताना हा रकाना सहसा रिकामा राहतो.

नात सुट्टीत आली तेव्हा तिने हे पाहिले असावे. ती संगणकक्षेत्रात आहे. तिने लॅपटॉपवर हा खेळ चढवून दिला आणि म्हणाली, "आजोबा, यात कोणाला मारायचं नाही, आपण मरायचं नाही, आणि वेळ कधी संपत नाही. आजीला आवडेल." मी माझ्या पिढीला साजेल अशी शंका काढली. खेळाचे व्यसन हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगांच्या वर्गीकरणात घेतला आहे, हे मी याच पाक्षिकासारख्या नियतकालिकांतून वाचले होते. नात म्हणाली, "या खेळाला शेवट आहे. पुस्तकासारखा."

'पुस्तकासारखा' हा तिचा शब्द अगदी नेमका होता. खेळ सुरू होतो तोच मुळी एका पुस्तकाने. अवकाशातून एक पुस्तक खाली येऊन पडते. ते उघडले की पानावर एक छोटे हलते चित्र दिसते. त्यावर हात ठेवला की आपण एका बेटाच्या धक्क्यावर उभे असतो. चहूकडे समुद्र, मागे डोंगरावर प्रचंड दंतचक्रे, झाडी, एक ग्रंथालय, एक घड्याळमनोरा, आणि काही कारण नसताना उभे असलेले एक अग्निबाण-यान. माणूस कोणीही नाही. काय करायचे, कोठे जायचे, कोणीही सांगत नाही. लाटांचा आवाज येत राहतो.

रँड आणि रॉबिन मिलर या दोन भावांनी वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराच्या परिसरात राहून हा खेळ रचला. त्याआधी ते लहान मुलांसाठी खेळ करीत, ज्यांत हार-जीत नसे, नुसती भटकंती असे. व्हर्नच्या 'मिस्टीरियस आयलंड' या कादंबरीवरून त्यांनी बेटाचे नाव घेतले, हे कळल्यावर माझा निम्मा विरोध गळून पडला. त्या काळच्या संगणकांची शक्ती बेताची होती. म्हणून त्यांनी हलती दृश्ये न करता सुमारे अडीच हजार स्थिर चित्रे तयार केली. पडद्याच्या डाव्या कडेला बोट दाखवले की आपण डावीकडे वळतो, समोर दाखवले की एक पाऊल पुढे जातो, आणि पुढचे चित्र येते. आधी संगीतही नको असे त्यांचे मत होते. नंतर रॉबिनने स्वतः थोडे, दबक्या पावलांनी येणारे संगीत दिले. अशा या निवांत खेळाच्या ६० लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००२ पर्यंत वैयक्तिक संगणकावरचा सर्वाधिक खपाचा खेळ हा मान त्याच्याकडे राहिला. नंतर त्याच्या फिरत्या दृश्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. आम्ही जाणूनबुजून स्थिर चित्रांचीच घेतली, कारण सरकत्या दृश्यांनी पत्नीला मळमळते.

तंत्रज्ञानाच्या मर्यादेतून आलेली ही संथता आमच्या फार उपयोगी पडली. डाव्या हाताने माउस धरून तिने बोट दाखवावे, चित्र बदलावे, मग पुन्हा कितीही वेळ काहीही न करता पाहत बसावे. मधेच लघवीला जायचे झाले, गोळीची वेळ झाली, नुसता थकवा आला, तर लॅपटॉप मिटावा. परत उघडला की बेट आपले तेथेच. चूक झाली तर कोणी ओरडत नाही, गुण कापले जात नाहीत. यंत्र फक्त हलत नाही. रोज दुपारी चारच्या चहानंतर अर्धा तास, असा नेम पडला. पलंगावर सरकणारे टेबल, पडदा डोळ्यांच्या किंचित खाली, खिडकीची तिरीप पाठीमागून येणार नाही असे बसणे, एवढीच तयारी. अर्ध्या तासापलीकडे तिचा मेंदू थकतो, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसते, आणि पक्षाघातानंतरचा हा थकवा आळशीपणा नव्हे, हे घरातल्यांनी समजून घेतले पाहिजे.

खेळाबरोबर एक वहीही लागते. पूर्वी तो खोक्यातून मिळे तेव्हा आत एक कोरी वही दिलेली असे, कारण खुणा, आकडे, आकृत्या टिपून ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आम्ही दोनशे पानी घेतली. अक्षरे माझी, आकृत्या तिच्या. डाव्या हाताने काढलेली तिची पहिली रेघ पानभर थरथरली होती. ग्रंथालयातल्या शेकोटीवर चौकोनांची जाळी आहे. तिची नक्कल करताना हळूहळू ती रेघ सरळ होत गेली.

हिरवळीवर एक चिठ्ठी पडलेली सापडते. ॲट्रस नावाच्या गृहस्थाने आपल्या पत्नीला, कॅथरीनला, लिहिलेली. खेळातले सारे लेखन इंग्रजीत आहे. मी ते मोठ्याने मराठी करून वाचत असे. ॲट्रस पुस्तके लिहितो, आणि त्याने लिहिलेल्या पुस्तकातून त्या-त्या जगात जाता येते. पण ग्रंथालयातली बहुतेक पुस्तके कोणीतरी जाळून टाकली आहेत. उरली आहेत ती थोडी, आणि दोन वेगळीच: एक तांबडे, एक निळे. त्या प्रत्येकात ॲट्रसचा एकेक मुलगा कैद आहे.

या खेळाने मला बांधून घातले ते येथे. तांबडे पुस्तक उघडले. दूरदर्शनवरचे प्रक्षेपण गेले की संचावर जशा मुंग्या येत, तशा मुंग्या पानावर आल्या. त्यांतून एक चेहरा दिसेनासा दिसला. तो काहीतरी कळकळीने सांगत होता, पण शब्द तुटत होते. अर्धा शब्द, मग खरखर, मग पुन्हा अर्धा शब्द. पुस्तकाची पाने हरवली आहेत म्हणून त्याचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचत नाही. हरवलेले एकेक पान शोधून आणून बसवले की एकेक वाक्य जुळत जाते.

पत्नीने माउस सोडला. बोट पडद्याकडे नेले, आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीला लावले. मी काही म्हणालो नाही. मनात मोजत राहिलो. आकडा सहावर असताना ती हसायला लागली. अकरा महिन्यांत प्रथमच आवाज काढून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ब्यूरोच्या बाई धावत आल्या.

तिने आपल्या विकाराकडे बाहेरून पाहण्याचा तो पहिला प्रसंग असावा. आम्ही डॉक्टर मंडळींनी काढून दिलेल्या मेंदूच्या आकृत्या पाहिल्या होत्या, माहितीपत्रके वाचली होती. पण आत शाबूत असलेला माणूस आणि मधे उभी राहिलेली खरखर यांचे इतके स्वच्छ चित्र कोणी दाखवले नव्हते. त्यानंतर शब्द अडला की ती हाताने हवेत मुंग्या काढून दाखवी. मुलगा, सून, शेजारच्या वहिनी, सगळ्यांना ती खूण कळली. मुंग्या आल्या की थांबायचे, एवढाच तिचा अर्थ. माझ्या सांगण्याने जे पाहुणे कधी थांबले नव्हते, ते या खुणेपुढे थांबू लागले.

पाने आणायची तर ॲट्रसच्या पुस्तकांतल्या चार जगांत जावे लागते, आणि प्रत्येक जगाची वाट बेटावरच्या एकेका यंत्राने बंद केलेली आहे. एका यंत्राने माझी नोकरीची हौस भागवली. जमिनीखाली एक जनित्र आहे. दहा बटणे, प्रत्येकाचा दाब निराळा. बेरीज बरोबर ५९ व्होल्ट आली पाहिजे. थोडी जरी जास्त झाली की ब्रेकर उडतो आणि बाहेर खांबावर चढून तो पूर्ववत करावा लागतो. मी चाळीस वर्षांनी पुन्हा कामावर रुजू झालो. पत्नीला यात काडीचाही रस नव्हता, हे तिने जांभई देऊन कळवले.

पण ती वीज पोहोचते त्या यानात. यानाच्या एका टोकाला हार्मोनियमसारख्या पट्ट्यांचे वाद्य आहे आणि दुसऱ्या टोकाला पाच सरकत्या कळा. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात पट्ट्यांचे चित्र काढून त्यांतल्या पाच पट्ट्यांना क्रम दिलेला आहे. त्या वाजवून पाहायच्या, प्रत्येकीचा स्वर कानात ठेवायचा, यानाच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि सरकती कळ नेमक्या त्या स्वराला आणून सोडायची. पडद्यावर अक्षर नाही, आकडा नाही. कानाखेरीज कसलाही आधार नाही. माझे कान वयाने गेलेले, आणि जेव्हा शाबूत होते तेव्हाही मला भूप आणि यमन यांतला फरक सांगता आला नव्हता.

मी पट्टी दाबली. तिने डोळे मिटून 'आ' लावला. तो धरून ठेवला. मी एकेक पाऊल टाकत यानाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तिचा श्वास संपला, तिने पुन्हा घेतला आणि त्याच स्वरावर परतली. मी कळ सरकवू लागलो. ती मान हलवून नाही म्हणे, तर्जनी वर करून आणखी चढव म्हणे, मग हाताचा पंजा असा खाली दाबून दाखवी की वर गेलास, उतर. तीस वर्षे मुलींना सूर लावायला शिकवतानाची तीच खूण, तोच थोडासा त्रासलेला चेहरा. पाचवा स्वर जुळायला सर्वांत वेळ लागला. तो जुळला तेव्हा ती म्हणाली, "हां." बरं नव्हे, हां. दांडा ओढला, समोर पुस्तक दिसले.

त्या जगात पुढे आवाजांचाच कारभार आहे. जमिनीखालच्या चक्रव्यूहात एक छोटी गाडी चालते आणि कोणत्या दिशेला वळायचे ते निरनिराळ्या ध्वनींवरून ओळखायचे असते. मी चालक, ती मार्गदर्शक. तिने वहीत ध्वनींच्या खुणा केल्या आणि मला गुपचूप त्याप्रमाणे गाडी हाकावी लागली. दिवसाचे उरलेले साडेतेवीस तास मी तिला उठवत, बसवत, भरवत, विचारत असे. या अर्ध्या तासात मला तिला विचारावे लागे, कारण उत्तर तिच्याकडेच होते. हा खेळ माझा आवडता का झाला, याला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. इतर सारे गुण, चित्रे, संगीत, रचना, दुय्यम.

आता एक खुलासा. या खेळाने तिची वाचा सुधारली असे मी म्हणत नाही. तिचे वाचा-उपचार चालू होते, आणि मेंदू स्वतःही काळाच्या ओघात वाटा शोधत असतो. स्मरणशक्ती वाढवणारे, वार्धक्य लांबवणारे म्हणून जे खेळ विकले जातात त्यांच्या जाहिरातींकडे वाचकांनी सावधपणेच पाहावे. अमेरिकेत २०१६ साली असे दावे करणाऱ्या एका कंपनीला पुराव्याअभावी २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले होते. 'मिस्ट' असा कोणताच दावा करत नाही. ज्यांना पत्ते आवडतात त्यांनी पत्ते खेळावेत. ज्यांना झटके येण्याचा विकार आहे त्यांनी कोणत्याही पडद्यावरच्या खेळाआधी डॉक्टरांना विचारावे, हेही येथेच सांगून ठेवतो.

चार जगांतून पाने येत गेली तशी दोन्ही भावांची वाक्ये पुरी होऊ लागली. तांबड्या पुस्तकातला सिरस आर्जवी, अदबशीर; निळ्यातला अखेनार विक्षिप्त, अंगावर येणारा. दोघेही म्हणत, दोष दुसऱ्याचा आहे, मला सोडव. त्या-त्या जगात दोघांच्या खोल्या आहेत. एकाची खोली लुटून आणलेल्या ऐश्वर्याने भरलेली, दुसऱ्याच्या खोलीत शस्त्रे आणि छळाची साधने. मी वकिली थाटात दोन्ही बाजू तिच्यापुढे मांडत असे. येथे शेवट उघड करतो आहे, पण खेळाला तीस वर्षे उलटली आहेत, आणि रहस्य कळूनही तो खेळण्याजोगा राहतो.

माझ्या दृष्टीने या खेळातली खोच अशी की, शब्द जसजसे स्पष्ट होतात तसतसा विश्वास कमी होत जातो. तुटक बोलणारा माणूस खोटा नसतो आणि अस्खलित बोलणारा खरा नसतो, हे लेखकद्वयाने एका अक्षराचाही उपदेश न करता दाखवले आहे. शेवटच्या पानांच्या वेळी दोघांनीही आपापली मागणी केली. पत्नीने लॅपटॉप किंचित मागे सारला. मुंग्या काढल्या नाहीत. बराच वेळ घेऊन म्हणाली, "दोघं... नको."

दोन शब्द, आणि दोन्ही योग्य जागी. निकालही बरोबर होता. सोडवायचे आहे ते त्यांच्या बापाला. ॲट्रसही दुसऱ्याच एका पुस्तकापलीकडे अडकलेला आहे, आणि त्याचेही एक पान हरवलेले आहे. पांढरे पान. ते घेऊन गेलो तर तो सुटतो, न घेता गेलो तर आपणही त्याच्याबरोबर अडकतो. ते पान बेटावर कोठे दडवले आहे, ते मात्र सांगत नाही.

सव्वाचार महिन्यांनी आम्ही ते त्याच्या मेजावर नेऊन ठेवले. खेळ जिंकल्यावर काहीतरी वाजते, चमकते, अशी माझी समजूत होती. ॲट्रस लिहिता लिहिता वर पाहतो, आभार मानतो, आणि म्हणतो की तुम्हांला बक्षीस म्हणून देण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. बेट आहे, ग्रंथालय आहे, हवे तेवढे फिरा. एवढाच समारोप. नातीला फोनवर सांगितले तर म्हणाली, पुष्कळ खेळाडूंना हा शेवट अळणी वाटला होता. आम्हांला नाही वाटला. आम्ही नंतरही कितीतरी दुपारी नुसते बेटावर फिरलो. दीपगृहापाशी खडकात रुतलेल्या जहाजाचे एक जग आहे, ते तिला आवडते. तेथे बसून आम्ही चहा पितो.

अशाच एका दुपारी ती वहीची जुनी पाने उलटत होती. पहिल्या पानावर मी त्या हिरवळीवरच्या चिठ्ठीचा मराठी तर्जुमा उतरवून ठेवला होता. 'प्रिय कॅथरीन' या शब्दांवर तिने बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी मोजू लागलो. दहा झाले, पंधरा झाले. "ही," ती म्हणाली. मग थांबली. "ही... कुठे... आहे?"

सव्वाचार महिने त्या बेटावर काढूनही हा प्रश्न मला सुचला नव्हता. चिठ्ठी जिला लिहिली ती बाई संपूर्ण खेळात दिसतच नाही. मी नातीला विचारले. तिने सांगितले की १९९७ साली निघालेल्या 'रिव्हन' या पुढच्या भागात कॅथरीनलाच सोडवायचे आहे. तो पाच तबकड्यांवर आला होता आणि याच्यापेक्षा बराच अवघड आहे. आज त्याला तीन आठवडे झाले. नवी वही शंभर पानी घेतली आहे, आणि एक विचित्र आकड्यांची पद्धत आहे तिच्या खुणा पत्नी डाव्या हाताने त्यात मांडते आहे. मला अजून त्यांतला एकही कळलेला नाही.